पुढच्या वर्षीचं बोट

ताईच्या खोलीला दार होतं, पण ते कधी लागत नसे. बिजागऱ्या ठीक होत्या, कडीही होती. दार उघडं ठेवायचं असं घरात ठरलं होतं, कारण ताईला काही झालं तर तिची हाक ऐकू यायला हवी. ठरलं तेव्हा ताईला विचारलं होतं आणि तिने हो म्हटलं होतं. त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

तिचा आजार स्नायूंचा. आधी पाय गेले, मग खांदे, मग कोपरं. चाळिशी ओलांडेपर्यंत तिच्या हुकमात उरलं होतं ते उजव्या हाताचं पहिलं बोट, मान आणि आवाज. पाहुण्यांना वाटे, जे हलत नाही त्याला कळतही नसणार. एकदा एक लांबची मामी स्वतःची पर्स ताईच्या मांडीवर ठेवून तासभर गप्पा मारत बसली होती. ताईला सगळं कळायचं. चादरीची चुणी कळायची, माशीचे पाय कळायचे, अंघोळ घालताना वहिनीच्या बोटातली अंगठी कुठून कुठे गेली ते कळायचं.

वहिनी म्हणजे तिच्या धाकट्या भावाची बायको. घरी बसून पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायची आणि त्यातून ताईचं सगळं बघायची. उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, कूस बदलणं. ताईच्या अंगाला दिवसभर हात लागत. सगळे कामाचे हात होते आणि त्यांच्याबद्दल ताईची तक्रार नव्हती. तक्रारी ऐकणं हा तिचा पेशा होता. एका कुरिअर कंपनीसाठी ती घरून फोन घ्यायची. कानाला हेडफोन, बोटाखाली माउस.

"बाई, नुसतं बसून बोलू नका, जरा उठून गोदामात बघा की!" एखादं गिऱ्हाईक ओरडायचं.

"बघते हं," ताई म्हणायची आणि बोटाने पुढची खिडकी उघडायची.

तिला जे हवं होतं ते मोठं नव्हतं. दार लावून अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात अंगाला दुसऱ्या कोणाचा हात नको. व्हायब्रेटर ही वस्तू तिला ऐकून माहीत होती. पण दुकानांच्या जाहिरातींतल्या सगळ्या वस्तू मुठीत धरायच्या, मनगटाने वळवायच्या, अंगठ्याने दाबायच्या. अपंग बायकांच्या एका ऑनलाइन गटात तिने धीर करून विचारलं, तेव्हा गट चालवणाऱ्या बाईने तिला थेट फोन केला. या बाईला सगळे कप्तान म्हणत. जन्मापासून तिची जीभ आणि हात तिचं ऐकत नसत. एकेक शब्द ढकलत बोलायची, त्यामुळे एकही शब्द वाया घालवत नसे.

"उचलता... काय येतं?"

"काही नाही."

"बोट दाबतं?"

"माउस दाबतं."

"मग हातात धरायचं... विसर. जड घे. जड असलं की... ठेवलं तिथे राहतं. लांब दांड्याचं, पुढे गोल डोकं. लोक त्याने पाठ रगडतात, तेच. उशीला खिसा शिवायचा, त्यात ते बसवायचं. तुझ्या पायांमध्ये उशी... ठेवतात ना?"

"ठेवतात. गुडघे घासू नयेत म्हणून."

"मग झालं. सुरू करायची कळ वेगळी, वायरने जोडलेली. ती हाताखाली. कातडी तपासायची, जास्त वेळ एकाच जागी नाही. नंतर सौम्य साबणाने... धुवायचं. आता सांग. तिथवर नेणार कोण?"

ताई म्हणाली, "वहिनी. पण तिला काय आहे ते सांगणार नाही."

"म्हणजे तिच्याकडून... न सांगता करून घेणार."

"मग काय सांगू? मरेन त्यापेक्षा."

"माझ्या आईला मी सांगितलं होतं," कप्तान म्हणाली. "दोन दिवस बोलली नाही. मग येऊन विचारलं, सेल... कुठले लागतात."

ताई हसली, पण तिने मनात ठरवलेलं बदललं नाही.

कळ दोन प्रकारांत मिळायची. एक मोठी गोल, बशीएवढी, बोटाने दाबायची. दुसरी फुंकेची. ओठांपाशी एक बारीक नळी, तिच्यात हलकेच फुंकलं की सुरू, पुन्हा फुंकलं की बंद. कप्तानने दुसरी घे म्हणून सांगितलं.

"नळी नको," ताई म्हणाली. "नळी बघितली की हॉस्पिटल आठवतं. निदान या कामात तरी नळी नको."

"आत्ताच्या बोटासाठी घेऊ नकोस. पुढच्या वर्षीच्या बोटासाठी... घे."

"पुढच्या वर्षीही हेच बोट असणार."

कप्तान बराच वेळ बोलली नाही. तिचं नेहमीचं थांबणं आणि हे थांबणं यातला फरक ताईला कळला.

"बरं," कप्तान म्हणाली. "बोट तुझं."

ताईने गोल कळ मागवली.

पार्सल कुठे पोहोचलं ते ती कामाच्याच पडद्यावर बघत होती. खोक्यावर फक्त 'मसाजर' लिहिलेलं असेल, एवढी खात्री तिने करून घेतली होती. खोकं मांडीवर ठेवून घ्यायचं आणि नंतर उघडू म्हणायचं, असा तिचा बेत होता. पण या घरात ताईची पार्सलं ताई उघडत नसे. ती उघडूच शकत नसे, त्यामुळे 'नंतर' या शब्दाला तिथे अर्थ नव्हता. भाऊ सुरी घेऊनच आला.

"ताई, हे काय गं? माइक आहे का? गाणंबिणं सुरू करतेस का काय?"

"मसाजर आहे. मांडीत पेटके येतात ना."

"पेटके येतात?" वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. "वन्सं, मला कधी बोलला नाहीत!"

आईही आली. पेटक्यांवर घरात पहिल्यांदाच चर्चा झाली. भावाने वायर जोडली, गोल कळ ताईच्या बोटाखाली सरकवली आणि म्हणाला, "दाब." ताईने दाबली. मसाजर घुं करून टेबलावर नाचायला लागला. आईने टाळ्या वाजवल्या. आपल्या मुलीने किती तरी दिवसांत स्वतः काही सुरू केलेलं आईने पाहिलं नव्हतं.

वहिनी मनापासून काम करणारी बाई होती, आणि सगळं तिथेच फसलं. पेटके म्हटल्यावर तिने आठवड्याला येणाऱ्या व्यायामवाल्याला विचारलं. व्यायामवाला म्हणजे फिजिओथेरपिस्ट. त्याने मसाजर हातात घेऊन फिरवून बघितला आणि खूश झाला.

"उत्तम वस्तू आहे. पण मांडीला नको, तिथे कातडी नाजूक. खांद्यांना लावा, रोज संध्याकाळी. आणि कोणीतरी जवळ बसा, एकटीला सोडू नका."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. तो तेव्हा तिला एका नळीत फुंकायला लावत होता. फुंकलं की नळीतली गोळी वर चढायची. "शाबास," तो म्हणाला. "फुप्फुसं अजून झकास."

त्या संध्याकाळपासून मसाजर खांद्यावर आला. बैठकीच्या खोलीत, टीव्हीसमोर. वहिनी मसाजरवरचंच बटण दाबायची, पट्ट्याने तो खांद्याला बांधायची आणि शेजारी मटार सोलत बसायची. गोल कळ खोक्यात राहिली, खोकं कपाटावर गेलं. भाऊ बातम्या बघायचा. आवाज फार झाला की म्हणायचा, "ताई, जरा हळू कर की तुझं ते विमान." वहिनी एक टप्पा कमी करायची. पंधरवडा झाल्यावर आईने विचारलं, तुझं झालं असेल तर माझ्या गुडघ्यांना लावू का. मग रोजच आईचे गुडघे.

"कसं वाटतंय, वन्सं?"

"बरं वाटतंय."

खरंच बरं वाटायचं. खांदे खरोखरच मोकळे व्हायचे. कारण खोटं होतं आणि उपाय लागू पडत होता, त्यामुळे नको म्हणायला तोंड राहिलं नव्हतं. पेटके कमी झाले का, असं वहिनी विचारायची. ताई हो म्हणायची, कारण ते कधी आलेच नव्हते.

तिने कप्तानला फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडून इतका वेळ हसण्याचा आवाज आला की ताईला वाटलं बाईला ठसका लागला.

"माझ्या मावशीने," कप्तान कशीबशी म्हणाली, "माझ्या पहिल्याने... वर्षभर मान चोळली. मान... बरी झाली तिची." मग तिचं हसणं थांबलं. "सांग तिला. तुझ्याकडे वेळ नाही."

ताईने सांगितलं नाही. आज सांगू म्हणत हिवाळा गेला.

दरम्यान माउस जड व्हायला लागला. आधी दिवसअखेरीस, मग सकाळपासूनच. कंपनीने तिला एक सपाट पाटी पाठवली, जिच्यावर बोट नुसतं टेकवलं तरी काम व्हायचं. चांगली सोय होती. दाबायला काही उरलंच नाही, त्यामुळे बोटात किती दम राहिलाय हे बघायचा प्रसंगही उरला नाही. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, "बाई, जरा मोठ्याने बोला." व्यायामवाल्याच्या नळीतली गोळी आता जागच्या जागी थरथरायची. तो शाबास म्हणायचा, पण आकडा मोठ्याने वाचत नसे.

भाऊ आईला डोळे तपासायला घेऊन गेला, त्या संध्याकाळी घरात दोघीच होत्या. वहिनीने मसाजर खांद्याला बांधला, बटण दाबलं आणि मटाराचं भांडं ओढून घेतलं.

"वहिनी, हे खांद्यासाठी नाहीये."

"मग? मानेला लावू?"

"नाही गं. बायका एकट्या असताना वापरतात ते आहे हे."

"एकट्या म्हणजे?"

"म्हणजे नवरा नसताना."

वहिनीने भांडं खाली ठेवलं. मसाजर ताईच्या खांद्यावर घुं करत होता.

"आधी ते बंद कर," ताई म्हणाली.

वहिनीने बंद केला. मग तिचा हात तोंडावर गेला. "अहो वन्सं! आईंच्या गुडघ्यांना लावलं हो आपण!"

दोघी हसल्या. वहिनीला हसता हसता डोळे पुसावे लागले, मग तिने ताईचेही पुसले, कारण ते तिलाच पुसायला लागत. हसू थांबल्यावर ती मटाराची रिकामी शेंग बोटांनी चिरत बसली.

"तुम्हाला... तसं वाटतं?"

"वाटतं."

"म्हणजे सगळं कळतं?"

"सगळं."

"मी रोज अंघोळ घालते तुम्हाला," वहिनी म्हणाली. "इतक्या वर्षांत माझ्या मनातही आलं नाही."

वहिनीने सगळी सालं गोळा केली, पिशवीत भरली, हात धुऊन आली आणि समोर बसली.

"काय करायचं असतं ते सांगा."

ताईने उशीचं सांगितलं. खिसा कळल्यावर वहिनीचा चेहरा जरा सैल झाला, कारण खिसा हे तिचं काम होतं.

"सुती कापड घेते. आतून रबरी अस्तर लावू? नको, गरम होईल. खिशाला झाकण हवं, नाहीतर घसरेल. आणि अभ्रा सुटा करते, धुता यायला हवा."

"गोल कळ कपाटावर आहे. ती माझ्या बोटाखाली ठेव. सुरू मी करणार, बंद मीच करणार."

"आणि दार लावल्यावर काही झालं तर?"

"काय होणार आहे?"

वहिनीने यावर विचार केला. "मी बाहेरच शिवत बसते. तुम्ही हाक मारली तर मशीन थांबवेन."

"शिलाई मशीनच्या आवाजात माझी हाक काय ऐकू येणार?"

"म्हणूनच तर चालवणार," वहिनी म्हणाली आणि लाजून दुसरीकडे बघायला लागली. "मला काही ऐकू नको यायला. मध्ये मध्ये थांबेन, तेव्हा हाक मारा."

"तुझ्या नवऱ्याला काही बोलू नकोस."

"मला काय वेड लागलंय?"

खिसा तिने दोन दिवसांत शिवला. टाके इतके बारीक होते की बघणाऱ्याला उशी जन्मतःच तशी वाटावी. दुपारी भाऊ कामावर आणि आई झोपलेली असताना तिने ताईला कुशीवर वळवलं, पायांत उशी ठेवली, पाठीमागे दुसरी लावली. कातडी बघितली, कुठे चुणी नाही ना ते बघितलं. हे सगळं तिने रोजच्यासारखंच केलं, फक्त बोलत नव्हती. कळ ताईच्या हाताखाली सरकवून तिने पहिलं बोट उचललं आणि बरोबर मधोमध ठेवलं.

"बघता का एकदा लागतंय का?"

"नको. मी बघेन."

वहिनी गेली. दार लागलं. कडी नाही, पण दार चौकटीला टेकल्याचा आवाज आला. तो आवाज ताईने आतून कधी ऐकला होता हे तिला आठवेना. दाराची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा फिकट होती. मागे एक खुंटी होती आणि खुंटीला तिच्या शाळेच्या गणवेशाचा पट्टा लटकत होता. इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून लटकलेला.

बाहेर शिलाई मशीन सुरू झालं.

ताईने बोट दाबलं. बोट खाली गेलं आणि कळीवर टेकून राहिलं. कळ दबली नाही. तिने थोडं थांबून पुन्हा दाबलं. मान पुढे ढकलून काही वजन हाताकडे जातं का ते बघितलं. नख पांढरं झालं, म्हणजे जोर पोहोचत होता, पण कमी पडत होता. तिने श्वास भरून, श्वास सोडून, खांदा आहे अशी कल्पना करून, सगळ्या प्रकारे दाबलं. मसाजर उशीत तसाच पडून होता. त्याचं वजन तिला कळत होतं. जागा अगदी बरोबर होती, वहिनीने चूक केली नव्हती.

शिलाई मशीन थांबलं. बाहेर वहिनी कान देत असणार.

हाक मारली असती तर वहिनी आली असती. कळ दाबून दिली असती आणि मान खाली घालून परत गेली असती. मग बंद करायला आली असती. ताईच्या जिभेवर शब्द आला होता. पण मग तेही रोजच्या कामांत जमा झालं असतं, दात घासण्याच्या आणि कूस बदलण्याच्या मध्ये कुठेतरी. फुंकेच्या कळीचा विचार तिच्या मनात आला आणि त्यापाठोपाठ नळीतली थरथरणारी गोळी.

ती गप्प राहिली. शिलाई मशीन पुन्हा सुरू झालं, या वेळी जास्त जोरात.

उरलेला वेळ ती दाराच्या आतल्या बाजूकडे बघत पडून राहिली. डोळ्यांतून आलेलं नाकाच्या दांड्यावरून उशीत गेलं. वहिनी येईपर्यंत वाळेल का, याचा तिने अंदाज घेतला. वाळलं.

दारावर टकटक झाली. या घरात ताईच्या दारावर कोणी पहिल्यांदाच टकटक केली होती.

"येऊ?"

"ये."

वहिनीने आत येऊन तिच्याकडे न बघता उशी काढली. "झालं ना नीट?"

"हो. झालं."

"बरं वाटलं?"

"हो गं."

वहिनीच्या चेहऱ्यावर काहीतरी हलकं झालं. पडद्याचं मोठं काम वेळेत गेलं की ती अशी दिसायची. "मग रोज लावत जाऊ दार," ती म्हणाली. "आईंना सांगते, वन्संना दुपारी झोप लागते."

संध्याकाळी तिने मसाजर साबणाने धुतला, फडक्याने पुसला आणि ताईच्या खोलीतच चार्जिंगला लावला. त्याच्यावर एक दिवा होता. वापरलेला असला की लाल लागायचा आणि भरला की हिरवा. आदल्या रात्री वहिनीने तो पूर्ण भरून ठेवला होता. पिन आत जाताच हिरवा लागला.

वहिनी वाकलेली होती, तशीच राहिली. पिन काढून तिने पुन्हा लावली. हिरवाच. ताई पलंगावरून बघत होती. वहिनीला पाठमोरी असूनही ते कळत असणार, कारण ती वळली नाही.

"काय गं, झालं का ते भरून?" बाहेरून आईचा आवाज आला. "माझे गुडघे आज फार धरलेत."

"नाही हो आई," वहिनी म्हणाली. "भरतंय अजून." आणि जरा थांबून, "आणि ते आता फक्त वन्संसाठी आहे. तुम्हाला गरम पाण्याची पिशवी देते."

तिने पिन तशीच ठेवली, दिव्यावर फडकं टाकलं आणि पाणी तापवायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पुन्हा दोन्ही उशा लावल्या, कातडी बघितली, कळ हाताखाली सरकवली आणि बोट मधोमध ठेवलं. बोटावरून हात काढायला तिला वेळ लागला.

"काही हवंय का, वन्सं? आणखी काही?"

ताईने तिच्याकडे बघितलं. वहिनी अभ्र्याची शिवण नखाने सरळ करत होती, ती सरळच होती.

"नको. जा तू."

वहिनी गेली. दार चौकटीला टेकलं. थोड्या वेळाने शिलाई मशीन सुरू झालं आणि त्या दुपारी एकदाही मध्ये थांबलं नाही.